मोंब्राकचं उत्तरेचं दार

लेओंस नेमका कोणत्या दिवशी गेला, ते कुणालाच सांगता आलं नाही. ब्यूर्ल सुटली होती. हा वारा मोंब्राकच्या पठारावर सुटला की पडलेलं बर्फ पुन्हा उचलून दारादारांशी रचतो आणि शेजारच्या घराचं धुराडंसुद्धा दिसू देत नाही. चौथ्या दिवशी वारा पडला तेव्हा सिदोनी फावडं घेऊन निघाली. तिच्या दारापासून लेओंसच्या दारापर्यंत साठ पावलं. लेओंस स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेला होता. पुढ्यात अर्धा चिरलेला कांदा, हातात सुरी, आणि चुलीत राख गार पडलेली.

सिदोनीनं आधी त्याच्या हातातली सुरी काढून घेतली. मग समोरच्या बाकावर बसली.

तिचं वय त्रेसष्ट. धंदा छपरं शाकारण्याचा. त्या भागातली घरं दगडी कौलांची, मोठं कौल दोघांनी मिळून उचलावं असं. बापाला मुलगा नव्हता म्हणून त्यानं पोरीला शिडीवर चढवलं, आणि 'बाईनं शाकारलेलं छप्पर गळणारच' असं म्हणणाऱ्या सगळ्यांची छपरं पुढं तिनंच घातली. चाळीस वर्षांत तिनं उंचीला, वाऱ्याला, तिरकस बोलणाऱ्या गवंड्यांना, कशालाच भीक घातली नव्हती. पण त्या साठ पावलांनी तिला खाल्लं. वाऱ्याला भिऊन आपण चार दिवस दार लावून बसलो, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

रस्ता मोकळा झाल्यावर लेओंसला खालच्या गावी नेऊन पुरलं. नंतर सगळे कॅफेत बसले तेव्हा मेयर आर्मां रूव्हेर बोलायला उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. पंचेचाळिशीचा, हिशेबी, आणि कुणाचंही नुकसान होऊ नये म्हणून सगळ्यांना एकाच छताखाली आणून ठेवावं असं वाटणारा.

"मोंब्राकमध्ये आता हिवाळ्यात नऊ माणसं उरलीत," तो म्हणाला. "त्यातल्या सगळ्यात तरुण सिदोनीबाई. पुढच्या हिवाळ्यापासून बर्फ काढायचं यंत्र वरती आठवड्यातून एकदाच येईल, जास्त जमत नाही. इथं खाली वृद्धाश्रमात खोल्या रिकाम्या आहेत. ऊब आहे, माणसं आहेत. लेओंसवर आली तशी वेळ पुन्हा कुणावर येऊ नये, एवढंच माझं म्हणणं."

मग फिलोमेननं कॉफी ढवळता ढवळता तोंड उघडलं. ती सत्त्याऐंशीची. सगळी वाडी तिला मेमे म्हणायची, म्हणजे आजी, जरी तिला स्वतःचं नातवंड एकही नव्हतं.

"तिथं सूप कधी देतात रे?"

"संध्याकाळी सहाला, मादाम."

"आणि सहाला नको असेल तर?"

"नको असेल तर... देतात सहालाच."

"मग मला नको."

वर येताना गाडीत सिदोनी मनात धुराडी मोजत होती. मेमेचा विनोद सगळ्यांनी चघळला, पण आर्मां म्हणाला त्यात खोटं काय होतं? नऊ धुराडी, नऊ चुली, आणि प्रत्येक चुलीपाशी एकेकटं माणूस. पुढच्या ब्यूर्लमध्ये आणखी कुणाचा तरी कांदा अर्धा चिरून राहणार.

एप्रिलमध्ये तिनं सगळ्यांना आपल्याकडे बोलावलं आणि सरळ सांगितलं. हिवाळाभर दिवसा एकाच जागी बसायचं. एक आग, एक भांडं. झोपायला आपापल्या घरी. सकाळी दहापर्यंत जो आला नाही त्याच्या दारावर जाऊन थाप मारायची, वारा असो की नसो. जाण्यायेण्यासाठी दारादारांतून दोर बांधून घ्यायचे.

बेत सगळ्यांना पटला. अडलं ते जागेपाशी. मेमेच्या घराला अकरा पायऱ्या. आग्रेव्हच्या घराला गाईंचा वास. आग्रेव्ह एकोणऐंशीचा, अजून सहा गाई राखून होता आणि त्या विकायचं नाव काढलेलं त्याला खपत नसे.

"आणि मेमेच्या स्वयंपाकघरात बसायचं म्हणजे," आग्रेव्ह म्हणाला, "टोपी कुठं ठेवायची तेसुद्धा ती सांगणार."

"तुझी टोपी बाहेर कुत्र्यापाशी," मेमे म्हणाली. "कुत्र्याची हरकत नसेल तर."

सिदोनीच्या ध्यानात आलं, पायऱ्या आणि वास ही निमित्तं होती. दुसऱ्याच्या चुलीपाशी रोज जाऊन बसणं म्हणजे उपकार घेणं, आणि या नऊ जणांतलं कुणीही उपकार घेणाऱ्यातलं नव्हतं. जागा हवी होती ती कुणाचीच नसलेली. तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. वाडीच्या मधोमध सेंट मेदारचं चॅपेल उभं होतं.

उभं होतं म्हणायचं इतकंच. बैलगाड्या तीन लावाव्यात एवढी त्याची लांबी, पूर्वेला अर्धगोल भिंत, वर घंटेचा कोनाडा आणि कोनाड्यात घंटा नाही. शेवटची मिस्सा, म्हणजे पाद्रीनं चालवलेली प्रार्थना, होऊन पन्नासएक वर्षं झाली होती. त्यानंतर तिथं गवत भरलं, मग बटाट्याचं बियाणं, मग बर्फ वितळायला रस्त्यावर टाकायच्या मिठाची पोती. दोन वर्षांपूर्वी उत्तरेकडचं छप्पर सरकलं, तेव्हा नगरपालिकेनं दारावर पाटी ठोकली: धोका, आत जाऊ नये.

"देवाच्या घरात बसून सूप ओरपायचं?" आग्रेव्ह म्हणाला. तो स्वतः लग्नानंतर एकदाही मिस्सेला गेलेला नव्हता.

"माझ्या आजोबांनी तिथं मेंढे बांधले होते," मेमे म्हणाली. "देवानं मेंढ्यांना हाकललं नाही. तुला कशाला हाकलेल? वास तर तोच."

मालकीचा प्रश्नच नव्हता. फ्रेंच क्रांतीच्या काळात चर्चच्या इमारती लिलावात निघाल्या, तेव्हा मोंब्राकच्या चौदा घरांनी मिळून हे चॅपेल विकत घेतलं होतं, खालच्या गावातल्या कुणी घेऊन दगड उपटून नेऊ नयेत म्हणून. जमीनखात्याच्या नोंदीत आजही एवढंच लिहिलेलं आहे: मालक, मोंब्राकचे रहिवासी.

मे महिन्यात सिदोनी छपरावर चढली. उत्तरेच्या उताराची सगळी कौलं तिनं उतरवली, प्रत्येकावर खडूनं आकडा घातला. दोन वासे कुजले होते. आग्रेव्हनं आपल्या रानातली दोन झाडं तोडून दिली आणि ती तासून द्यायलाही स्वतःच बसला, दुसऱ्या कुणाला जमणार नाही म्हणून. खाली सात म्हातारी माणसं ओळीनं उभी राहून लहान कौलं हातोहात पुढं सरकवायची, मोठी कौलं दोरावरून चढायची. मेमे खुर्ची टाकून कौलं अडकवायच्या लाकडी खुंट्या निवडत बसायची आणि वाकडी खुंटी दिसली की ती कुणी तासली याची चौकशी करायची. सिदोनीचा डावा गुडघा संध्याकाळी भाकरीसारखा फुगे. ती त्याला गार पाण्याचा फडका बांधी आणि सकाळी पुन्हा वर.

ऑगस्टमध्ये आर्मां आला. शिडीच्या पायथ्याशी उभा राहून त्यानं हाक मारली, "मादाम सिदोनी, खाली या."

"काम चालू आहे. बोल, ऐकू येतंय."

"या कामाची परवानगी कुठंय?"

"कुणाची?"

"नगरपालिकेची."

"तुझ्या बापाच्या गोठ्यावर मी छप्पर घातलं, तेव्हा त्यानं परवानगी नव्हती विचारली. लवकर आटप म्हणाला होता."

"इथं धोक्याची पाटी आहे. तुम्ही पडलात तर मला जाब द्यावा लागेल."

"छप्पर पडतंय म्हणून तू पाटी लावलीस. ते पडू नये म्हणून मी वर आहे. आता दोघांतलं धोक्याचं कोण, ते तूच ठरव."

खालची सात माणसं हसली नाहीत. ती नुसती आर्मांकडे बघत राहिली, हातात कौलं घेऊन. तो म्हणाला, "मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"ते माहीत आहे," मेमे म्हणाली. "म्हणून तर भीती वाटते."

सप्टेंबरअखेर छप्पर पुरं झालं. लेओंसच्या भाच्यानं मामाचा लोखंडी स्टोव्ह देऊन टाकला, सिदोनीनं त्याचं धुराडं छपरातून वर काढलं. आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सगळेजण शेतात बटाटे काढायला गेलेले असताना, आर्मांनं माणूस पाठवून चॅपेलच्या दाराला नवं कुलूप बसवलं. दारावर कागद: प्रवेश बंद, कुलूप तोडणाऱ्यावर कारवाई होईल.

आग्रेव्हनं कुऱ्हाड आणली.

"ठेव ती," सिदोनी म्हणाली. "तोडणाऱ्यावर कारवाई होईल, वाचलं नाहीस?"

ती दार निरखत होती. जुनं जाड दार, दोन लोखंडी खुंट्यांवर नुसतं ठेवलेलं. कुलपाची जीभ शिरली होती ती दगडातल्या खोबणीत, आणि ती खोबण कित्येक पिढ्यांच्या वापरानं सैल झालेली. तिनं पहार मागवली. पहारीनं दार चार बोटं वर उचललं, ते खुंट्यांवरून सुटलं, मग पाच जणांनी ते बाजूला ओढलं आणि कुलपाची जीभ खोबणीतून अलगद बाहेर आली.

"कुलूप शाबूत आहे," सिदोनी म्हणाली. "लागलेलंच आहे. कुणी हात लावायचा नाही त्याला."

दार आत नेऊन सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं. नऊ माणसांना जेवायला पुरेल असं ते टेबल झालं, एका टोकाला चकचकीत नवं कुलूप. चौकटीत आग्रेव्हनं गोठ्याच्या फळ्या ठोकून दुसरं दार केलं आणि आतून लोकरीची कांबळी लावली. मेयरचा कागद त्यानं नीट सोडवून त्या नव्या दारावर पुन्हा चिकटवला. सरकारी कागद फाडायचा नसतो म्हणाला.

नोव्हेंबरमध्ये सगळे बसू लागले. सोपं नव्हतं ते. आयुष्यभर एकटं राहिलेल्या माणसांना एकमेकांचं खोकणंसुद्धा नवं होतं. स्टोव्हपाशी कुणी बसायचं यावरून दोन बायका आठवडाभर बोलल्या नाहीत. आग्रेव्हला मसूर मऊ लागायचे, मेमेला दाताखाली यायला हवे असायचे, तिला खरे दात तीनच असून. ती लेस विणायची उशी मांडीवर घ्यायची आणि तिच्या लाकडी रिळांची टकटक दिवसभर चालायची. पहिल्या आठवड्यात आग्रेव्ह म्हणाला की या टकटकीनं डोकं उठतं. तिसऱ्या आठवड्यात मेमेला सर्दी झाली, ती दोन दिवस अंथरुणात होती, तेव्हा हा दर तासाला दोर धरून तिच्या दारापर्यंत जाऊन यायचा. विचारलं तर म्हणायचा, गाईंकडे गेलो होतो. गोठा उलट्या दिशेला होता.

डिसेंबरच्या मध्यावर आर्मां पुन्हा आला, या वेळी अग्निशमन दलाच्या कॅप्टन दालमासना घेऊन. चाळिशीच्या बाई, निळा गणवेश, बोलणं कमी. त्यांनी आधी आडव्या दाराकडे पाहिलं, मग कुलपाकडे, मग मेयरकडे. धुराड्याभोवती हात फिरवून पाहिला. मान वर करून छपराकडे बराच वेळ बघितलं.

"हे कुणी घातलं?"

"मी," सिदोनी म्हणाली.

"चांगलं आहे."

आर्मांचा चेहरा पडला. पण कॅप्टनचं संपलेलं नव्हतं. "बाहेर पडायची वाट मात्र एकच आहे. आग लागली, वाटेत कुणी पडलं, की मागचे आठ आतच. एवढ्या वयाच्या माणसांना मी एका दाराच्या भरवशावर बसू देणार नाही. जानेवारीअखेर दुसरं दार पाहिजे. नसेल तर जागा बंद. आणि तेव्हा कुलूप मी लावीन, ते दार उचलून निघणार नाही."

"भिंत हातभर जाड आहे," आर्मां म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरीची कणव होती. "दगडाची. ऐन थंडीत कोण फोडणार? झालं ते पुष्कळ झालं, मादाम. खोल्या अजून राखून ठेवल्यात मी."

रिळांची टकटक थांबली.

"दार आहे," मेमे म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं काठी उत्तरेच्या भिंतीकडे रोखली, जिथं बटाट्याच्या पेट्या रचल्या होत्या. "त्या पेट्यांमागं. बुजवलेलं आहे. मी पोर असताना आमच्या फादरनी दाखवलं होतं. त्यांनी जुना कातडी कागद वाचला होता त्याचा."

"कधी बुजवलं?" कॅप्टननी विचारलं.

"सहाशे वर्षं झाली असतील. तेव्हा मी लहान होते."

कॅप्टन पहिल्यांदा हसल्या. मेमे पुढं सांगू लागली. चॅपेल बांधलं तेच मुळी मेलेल्यांपायी. हिवाळ्यात इथलं मयत तेव्हाच्या खालच्या मठाच्या दफनभूमीपर्यंत नेता यायचं नाही, बर्फात वाटेतच टाकून यावं लागे आणि लांडगे फाडत. म्हणून लोकांनी एका उन्हाळ्यात हे उभं केलं आणि मागं पुरायला जागा ठेवली. मयत बाहेर काढायचं ते दार उत्तरेला. मठाच्या प्रमुखाला कळलं तसा तो खवळला.

"मयताची दक्षिणा बुडत होती ना त्याची," आग्रेव्ह म्हणाला.

"मी सांगतेय. म्हणाला, मिस्सा हवी तर म्हणा, पण मयत खालीच आणायचं. स्वतःचे गवंडी घेऊन आला, दार बुजवलं, शेवटचा दगड बसेपर्यंत समोर उभा राहिला. कागद केला, की या दारातून मयत निघणार नाही."

"मग?"

"मग काय. दारातून नाही म्हणाला होता. आमच्या लोकांनी मयतं खिडकीतून काढली."

पूर्वेच्या अर्धगोल भिंतीतली खिडकी बुटकी आणि रुंद होती, तिचा उंबरा घासून गुळगुळीत झालेला. सगळ्यांनी ती जन्मभर पाहिली होती. त्या दिवशी पुन्हा पाहिली.

कॅप्टननी वहीत काहीतरी लिहिलं. "जानेवारीअखेर," त्या एवढंच म्हणाल्या.

पेट्या हलवल्या, चुना खरवडला, तेव्हा कमानीचे दगड दिसले. सिदोनीनं हातोडीनं एकेक दगड वाजवून पाहिला. भिंतीचा भार कमानीवर होता. आतली भर नुसती दगडगोटे आणि चुना होती, मनापासून न केलेलं काम. मठवाल्याचे गवंडी थंडीत कुडकुडत, घरी जायच्या घाईनं दगड टाकत असणार. तिला त्यांच्याबद्दल बरंच वाटलं. तरीही तिनं कमानीखाली टेकू दिले आणि वरून सुरुवात केली. एक दगड सैल करायचा, आग्रेव्हनं तो ढकलगाडीत घालायचा, बाकीच्यांनी कांबळ्यानं वारा अडवून धरायचा. मध्ये चार दिवस ब्यूर्ल होती. त्या चारही दिवशी सकाळी दहाला नऊच्या नऊ माणसं दोर धरून आली.

निम्मी भर निघाली होती तेव्हा आर्मां एकटाच चालत वर आला, कारण यंत्राचा तो दिवस नव्हता. मिशांवर बर्फ, हातात कागद.

"नगरपालिकेच्या परिषदेनं ठराव केला आहे," तो म्हणाला. "मला तो वाचून दाखवावा लागेल."

"वाच की."

त्यानं वाचला. प्राचीन वास्तूची विनापरवाना तोडफोड, ताबडतोब थांबवावी, वगैरे. तो वाचत असताना सिदोनीनं एक दगड काढला, आग्रेव्हनं गाडीत टाकला. कागद संपला.

"संपलं?" सिदोनीनं पहार भिंतीला टेकवली. धुळीनं तिचे केस पांढरे झाले होते. "आता माझं ऐक. लेओंस माझ्यापासून साठ पावलांवर मेला आणि मला चार दिवसांनी कळलं. ते माझ्या माथी आहे, तुझ्या नाही. तू म्हणतोस, असं पुन्हा होऊ नये. मीही तेच म्हणते. पण तुझा उपाय काय, तर आम्हांला उचलून खाली न्यायचं. आर्मां, त्या मठवाल्याला निदान आम्ही मेल्यावर हवे होतो. तुला जिवंतच हवे आहोत."

आर्मांनं मिशांवरचं बर्फ पुसलं.

"आम्ही नाही येणार," ती म्हणाली. "पोलीस आण, कुलपं आण, बर्फ काढू नकोस. नऊही जण इथंच राहू, आणि जो मरेल तो चारचौघांत मरेल. लिही जा तुझ्या ठरावाखाली."

तिचा आवाज चढलेला नव्हता. आर्मांनं कागदाची घडी केली. निघताना मेमेनं त्याला बसायला सांगितलं, वाफाळतं काहीतरी प्यायलाही सांगितलं, पण तो थांबला नाही. टेकडीच्या वळणापर्यंत तो पाठमोरा दिसत राहिला. आपण फार बोललो का, असं सिदोनीला क्षणभर वाटलं. मग तिनं पहार उचलली.

शेवटचा थर चोवीस जानेवारीला निघाला. बाहेरचं बर्फ लख्ख उजेड घेऊन आत आलं. दारापलीकडे सपाट पांढरी जागा होती, तिच्याखाली कोण कोण झोपलं होतं त्याची नोंद कुठंच नव्हती. मेमे काठी टेकत उठली, कुणाचाही हात न घेता उंबरा ओलांडून बाहेर गेली आणि बर्फात घोट्यापर्यंत रुतून उभी राहिली.

"पायांवर चालत या दारातून फार कुणी गेलं नसेल," ती म्हणाली.

"चालत परत ये," आग्रेव्ह म्हणाला. "ऊब चाललीय सगळी."

कॅप्टन दालमास महिन्याच्या शेवटच्या दिवशी आल्या. नव्या दारातून दोनदा बाहेर जाऊन आत आल्या, घड्याळ लावून नऊ जणांना बाहेर काढून पाहिलं. आग्रेव्ह सर्वांत मागं राहिला, कारण तो मेमेची लेसची उशी घेऊन निघाला होता. त्याला त्यांनी दम दिला. मग आग विझवायचं एक नळकांडं आणि दोन दिवे सांगितले आणि एकोणीस माणसांपर्यंतची मंजुरी लिहून दिली. परिषदेनं पुन्हा ठराव केला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात पलीकडच्या वाडीतले दोघं जण येऊ लागले, तिसऱ्यात आणखी चौघं. बर्फाचं यंत्र आठवड्यातून तीनदा वर येऊ लागलं, कारण ते चालवणाऱ्याला आग्रेव्हचे मसूर आवडायचे. मेमे एक्याण्णवाव्या वर्षी वसंतात गेली आणि कुणालाही काही न विचारता तिला चॅपेलच्या उत्तरेला पुरलं. त्यावरून खालून पत्र आलं होतं. सिदोनीनं उत्तर दिलं नाही.

त्याच वर्षी, निवडणुकीच्या आधी, आर्मां पितळेची एक पाटी घेऊन आला. मध्ययुगीन चॅपेलचा जीर्णोद्धार, नगरपालिकेच्या पुढाकारानं. खाली त्याचं आणि सगळ्या सदस्यांचं नाव. सिदोनीनं ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"भिंतीला नाही लावणार," ती म्हणाली.

"सदस्य विचारतील मला, लावली का म्हणून."

"लावली म्हणून सांग. खोटं नाही बोलावं लागणार."

स्टोव्हच्या तोंडासमोरची जमिनीतली फळी ठिणग्यांनी काळी पडली होती. तिनं पाटी तिथं जमिनीवर पालथी ठेवली, गुडघा सांभाळत खाली बसली, आणि आर्मांच्या देखत चार कोपऱ्यांना चार खिळे मारले.